पीएफ (त्रुटी संकेत)

हा लेख घरगुती उपकरणांच्या पटलावर दिसणाऱ्या संकेताविषयी आहे. याच आद्याक्षरांनी ओळखले जाणारे शक्तिगुणक आणि भविष्य निर्वाह निधी हे विषय वेगळे आहेत.

पीएफ हा इलेक्ट्रॉनिक नियंत्रण असलेल्या घरगुती उपकरणांवर दिसणारा, वीजपुरवठा खंडित होऊन गेल्याचे दर्शवणारा संकेत होय. कपडे धुण्याचे यंत्र, कपडे वाळवण्याचे यंत्र, ओव्हन, मायक्रोवेव्ह अशा उपकरणांत तो आढळतो. 'पॉवर फेल्युअर' या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांपासून तो बनला आहे. व्हर्लपूल, एलजी, जीई इत्यादी कंपन्यांच्या अनेक प्रतिरूपांत हा संकेत याच अर्थाने वापरला जातो.

बहुतेक त्रुटी संकेत उपकरणातील एखादा भाग बिघडल्याचे किंवा पाण्याचा निचरा, दरवाजा, तापमान यांत अडचण असल्याचे सांगतात. पीएफ हा संकेत मात्र घडून गेलेल्या घटनेची नोंद असतो. वीज नसताना पटल बंद असते. त्यामुळे वीज परत आल्यावरच हा संकेत दिसू शकतो. संकेत दिसत असताना सॉकेटवरील दाब मोजला, तर तो बहुधा योग्यच भरतो. उपकरणाला मिळणारी वीज थांबली होती एवढेच या संकेतावरून कळते. ती वीजवाहिनीत थांबली, घरातील वितरण पेटीत थांबली, सॉकेटमध्ये थांबली की उपकरणाच्या आतच थांबली, हे त्यावरून कळत नाही. हे ठिकाण शोधणे हाच या संकेताच्या निदानाचा मुख्य भाग आहे.

स्वरूप

जुन्या आणि स्वस्त पटलांवर प्रत्येक अंक सात प्रकाशरेषांनी बनतो. अशा पटलावर सर्व रोमन अक्षरे उमटवता येत नाहीत. मात्र 'पी' आणि 'एफ' ही दोन अक्षरे स्पष्ट वाचता येतात. काही उपकरणांत हा संकेत स्थिर राहतो, तर काहींत उघडझाप करतो. पूर्ण शब्द दाखवू शकणाऱ्या नव्या पटलांवर संक्षेपाऐवजी संदेशही येतो.

सर्वच उत्पादक हा संकेत वापरत नाहीत. अनेक मायक्रोवेव्हमध्ये घड्याळाचे शून्य अंक लुकलुकतात. लीभेर कंपनीच्या काही शीतकपाटांवर 'एनए' ही अक्षरे दिसतात आणि खंडकाळात आतील तापमान जास्तीत जास्त किती चढले होते, तेही पाहता येते. त्यामुळे कोणत्याही संकेताचा अर्थ त्या प्रतिरूपाच्या माहितीपुस्तिकेतून पडताळून घ्यावा लागतो.

पार्श्वभूमी

यांत्रिक टायमर असलेल्या जुन्या धुलाई यंत्रांत अशा संकेताची गरज नव्हती. त्यांतील छोटी मोटर दातेरी चकती हळूहळू फिरवीत असे आणि चकतीच्या स्थितीवरून पाणी भरणे, घुसळणे, पिळणे हे टप्पे ठरत. वीज गेली की चकती होती तिथेच थांबे व वीज आल्यावर काम तिथूनच पुढे सुरू होई. चकतीची स्थिती हीच यंत्राची स्मृती होती. या रचनेचा तोटा असा की, घरात कोणी नसतानाही यंत्र आपोआप पुन्हा सुरू होत असे.

इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आल्यावर टप्प्याची माहिती सूक्ष्मनियंत्रकाच्या तात्पुरत्या स्मृतीत राहू लागली. वीज जाताच ही स्मृती पुसली जाते. व्हिडिओ कॅसेट रेकॉर्डरच्या काळात वीज येऊन गेल्यानंतर बारा वाजल्याचे दाखवीत लुकलुकणारे घड्याळ हे या विस्मरणाचेच परिचित लक्षण होते. पुढे वीज गेली तरी टिकणारी स्मृती स्वस्त झाली आणि यंत्राला वीज जाण्यापूर्वीची अवस्था नोंदवून ठेवता येऊ लागली. पीएफ संकेत या सोयीवर आधारलेला आहे.

कार्यपद्धती

घरगुती उपकरणाच्या नियंत्रक पट्टीला तंत्रज्ञ 'पीसीबी' म्हणतात. वीज गेल्याचे ओळखण्याची एक प्रचलित पद्धत प्रत्यावर्ती दाबाच्या शून्यबिंदूंवर आधारित आहे. भारतात विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असल्याने दाब सेकंदाला १०० वेळा, म्हणजे दर १० मिलिसेकंदांनी, शून्यातून जातो. अमेरिकेत ६० हर्ट्झमुळे हे १२० वेळा घडते. अपेक्षित वेळी शून्यबिंदू आढळला नाही, तर पुरवठा खंडित झाल्याचे सूक्ष्मनियंत्रक मानतो. काही रचनांत त्याऐवजी आतील एकदिश दाब घसरत असल्याचे मोजले जाते.

वीज गेल्यानंतरही पट्टी क्षणभर जिवंत राहते, कारण तिच्यावरील धारित्रात, म्हणजेच कपॅसिटरमध्ये, थोडी ऊर्जा साठलेली असते. हा अवधी किती असतो याचा अंदाज साध्या गणिताने येतो. १,००० मायक्रोफॅरडचे धारित्र १२ व्होल्टपासून ७ व्होल्टपर्यंत उतरेपर्यंत वापरता येते आणि पट्टीला ०.१ ॲम्पिअर विद्युतप्रवाह लागतो असे मानले, तर उपलब्ध वेळ ०.००१ × ५ ÷ ०.१ = ०.०५ सेकंद, म्हणजे ५० मिलिसेकंद येतो. टिकाऊ स्मृतीत एक नोंद लिहिण्यास साधारणतः काही मिलिसेकंद लागतात. त्यामुळे एवढा अवधी पुरतो. या वेळेत सूक्ष्मनियंत्रक मोटर व तापक बंद करतो आणि चालू टप्पा लिहून ठेवतो.

ही नोंद सतत लिहीत राहणे व्यवहार्य नसते. अशा कामासाठी वापरल्या जाणाऱ्या ईईप्रॉम प्रकारच्या स्मृतीच्या एका जागेवर सामान्यतः १ लाख किंवा त्याहून अधिक वेळा लिहिता येते. एकाच जागी दर सेकंदाला लिहिले, तर १ लाखाची मर्यादा सुमारे २८ तासांच्या वापरात संपेल. म्हणून काही उपकरणे फक्त टप्पा बदलताना, तर काही वीज जाण्याच्या क्षणीच नोंद करतात.

वीज परत आल्यावर सूक्ष्मनियंत्रक ही नोंद वाचतो. काम अर्धवट राहिलेले असल्यास तो पीएफ संकेत दाखवतो आणि बहुतेक उपकरणांत वापरकर्त्याच्या आज्ञेची वाट पाहतो. उपकरण बंद असताना वीज गेली असेल, तर अनेक प्रतिरूपांत संकेत येत नाही. यामुळेच वीज जाऊनही दर वेळी पीएफ दिसतोच असे नाही.

क्षणिक खंड आणि दाबातील घसरण

माणसाच्या लक्षात न आलेला खंडही उपकरण नोंदवू शकते. छतावरचा पंखा जडत्वामुळे फिरत राहतो आणि दिवा फक्त क्षणभर मंदावतो. नियंत्रक पट्टीला मात्र काही आवर्तनांचा खंडही जाणवू शकतो. दाब नेहमीच्या पातळीच्या १० ते ९० टक्क्यांपर्यंत खाली येऊन अर्ध्या आवर्तनापासून एक मिनिटापर्यंत तसाच राहिला, तर त्याला दाबातील घसरण म्हणतात. मोठी मोटर सुरू होणे, दूरच्या वाहिनीवर बिघाड होणे किंवा तारेला फांदी घासणे अशा कारणांनी ती उद्भवते. अनेक वीजवाहिन्यांवर बिघाड होताच वाहिनी तोडून काही क्षणांत पुन्हा जोडणारे स्वयंचलित साधन बसवलेले असते. फांदी दूर झाल्यावर वीज लगेच पूर्ववत होते. पण तेवढ्या अवधीत धुलाई यंत्र थांबलेले असते.

भारतात घरगुती एकफेज पुरवठ्याचा प्रमाण दाब २३० व्होल्ट आहे. किती घसरणीनंतर काम थांबवायचे ही मर्यादा प्रत्येक प्रतिरूपासाठी वेगळी असते. त्यामुळे एकाच घरातील दोन यंत्रांपैकी एक थांबते आणि दुसरे चालू राहते, असेही घडते.

कारणे

वीज उपकरणापर्यंत ज्या मार्गाने येते त्या मार्गाच्या क्रमाने संभाव्य कारणे पुढीलप्रमाणे मांडता येतात :

१. वीज वितरण : भारनियमन, देखभालीसाठी बंद ठेवलेली वाहिनी, वादळवारा, रोहित्रातील बिघाड, खांबावरचा सैल झंपर.

२. मीटर आणि वितरण पेटी : सैल जोडणी, जास्त भारामुळे एमसीबी पडणे, गळतीमुळे आरसीसीबी पडणे.

३. घरातील तारजोडणी : झिजलेले सॉकेट, भिंतीतील जोडावर आलेला गंज, कमी क्षमतेचा एक्स्टेंशन बोर्ड.

४. उपकरणाची केबल : अर्धवट बसलेला प्लग, उंदरांनी कुरतडलेली किंवा यंत्राखाली दबलेली तार.

५. उपकरणाचा अंतर्भाग : केबलच्या टोकाची सैल जोडणी, सदोष विद्युत गाळणी, वयोमानाने क्षमता घटलेले धारित्र, नियंत्रक पट्टीवरील तडकलेला झाळ.

पहिल्या चार गटांत यंत्र बहुधा निर्दोष असते. त्यामुळे केवळ पीएफ दिसला म्हणून नियंत्रक पट्टी बदलणे हा अनेकदा अनाठायी खर्च ठरतो. मूळ कारण सॉकेटमध्ये असेल, तर नव्या पट्टीवरही तोच संकेत पुन्हा येतो.

निदान

संकेत उशिरा दिसत असल्याने निदान तत्क्षणीच्या मोजमापापेक्षा परिस्थितीजन्य पुराव्यावर अधिक अवलंबून असते. संकेत कोणत्या वेळी आला, यंत्र कोणत्या टप्प्यात होते आणि त्या वेळी घरात आणखी काय बंद पडले, या तीन गोष्टींची नोंद ठेवल्यास कारणाचा शोध बराच सोपा होतो.

घरातील इतर उपकरणे

सर्वप्रथम वीज संपूर्ण घरातून गेली होती का, हे पाहिले जाते. घड्याळ असलेले दुसरे उपकरण, वाय-फाय राउटर किंवा शेजारचे घर यांवरून ते कळते. ज्या घरांत इन्व्हर्टर आहे तिथे दिव्यांवरून निष्कर्ष काढल्यास फसगत होते. इन्व्हर्टरवर सामान्यतः दिवे, पंखे व दूरचित्रवाणी जोडलेली असते आणि धुलाई यंत्राची जोडणी थेट मुख्य पुरवठ्यावर असते. त्यामुळे दिवे चालू असतानाही यंत्राची वीज गेलेली असू शकते.

वितरण पेटी

फक्त एका खोलीची किंवा एका सॉकेटची वीज गेली असल्यास वितरण पेटी पाहिली जाते. एमसीबी जास्त विद्युतप्रवाहामुळे किंवा लघुपरिपथामुळे म्हणजेच शॉर्टसर्किटमुळे पडते. आरसीसीबी मात्र फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून पूर्ण परत न आल्यास, म्हणजे जमिनीकडे गळती झाल्यास पडते. घरगुती संरक्षणासाठी ३० मिलिॲम्पिअर मर्यादेची आरसीसीबी प्रचलित आहे. कोणते साधन पडले होते यावरून बिघाडाचा प्रकार ठरत असल्याने ते पुन्हा चढवण्यापूर्वी त्याची नोंद करणे उपयुक्त असते. चढवलेले साधन लगेच पुन्हा पडल्यास ते वारंवार चढवू नये.

टप्प्यावरून अनुमान

संकेत नेहमी एकाच टप्प्यावर येत असल्यास कारण बहुधा घरात किंवा यंत्रात असते. वितरण वाहिनीला यंत्राचा टप्पा ठाऊक नसतो.

• पाणी तापवताना आरसीसीबी पडत असल्यास तापकाचे आवरण फुटून गळती होत असल्याची शक्यता असते.

• पाणी तापवताना कोणतेही संरक्षक साधन न पडता वीज जात असल्यास सैल सॉकेट किंवा सैल जोडणी संभवते, कारण याच टप्प्यात सर्वाधिक विद्युतप्रवाह वाहतो.

• वेगाने पिळताना संकेत येत असल्यास कंपनामुळे सुटणारा प्लग, केबल किंवा आतील जोडणी तपासावी लागते.

• दिवसाच्या ठरावीक वेळी, पण वेगवेगळ्या टप्प्यांवर संकेत येत असल्यास भारनियमन किंवा परिसरातील मोठ्या भाराचा संबंध असू शकतो.

• घरातील पाण्याचा पंप सुरू होताच संकेत येत असल्यास दाबातील घसरण हे कारण संभवते.

• कोणत्याही ठरावीक क्रमाशिवाय, इतर काहीही बंद न पडता आणि सॉकेट बदलूनही संकेत येत राहिल्यास उपकरणाचा अंतर्भाग तपासणे योग्य ठरते.

सॉकेटची चाचणी

सॉकेटमध्ये दिवा लावून पाहणे पुरेसे नसते. दिव्याला लागणारा प्रवाह अल्प असल्याने सैल जोडणीतूनही तो पेटतो. पाणी तापवणाऱ्या यंत्रातील तापक सुमारे २,००० वॅटचा असल्यास २३० व्होल्टवर त्याला जवळपास ८.७ ॲम्पिअर प्रवाह लागतो. म्हणून अशा यंत्रासाठी ६ ॲम्पिअरचे नव्हे, तर १६ ॲम्पिअरचे सॉकेट वापरतात. खरी परीक्षा अशा भारावरच होते. तंत्रज्ञ दाब मोजताना आधी यंत्र थांबलेले असताना आणि नंतर तापक चालू असताना अशी दोन मोजमापे घेतात. दोन्हींत मोठा फरक आढळल्यास मार्गातील जोडणी कमकुवत असल्याचे समजते. उघड्या जोडण्यांवरील हे मोजमाप परवानाधारक तारतंत्री, म्हणजे वायरमन, किंवा प्रशिक्षित तंत्रज्ञ यांनीच करावे.

यंत्र दुसऱ्या परिपथावरील योग्य क्षमतेच्या सॉकेटला जोडून पाहणे ही सामान्य वापरकर्त्याला करता येणारी सुरक्षित चाचणी आहे. तिथे संकेत न आल्यास दोष पहिल्या सॉकेटच्या मार्गात असल्याचे सूचित होते. या चाचणीसाठी एक्स्टेंशन बोर्ड वापरल्यास संशयास्पद जोडण्यांची संख्या वाढते आणि निष्कर्ष अविश्वसनीय ठरतो.

सैल जोडणीतील धोका

पीएफ संकेत सामान्यतः निरुपद्रवी असला, तरी त्यामागचे कारण सैल जोडणी असल्यास आगीचा धोका असतो. जोडणीचा रोध अवघा अर्धा ओहम वाढला आणि तीतून ९ ॲम्पिअर प्रवाह वाहू लागला, तर त्या जागी दाब केवळ ४.५ व्होल्टने घटतो. २३० व्होल्टच्या तुलनेत ही घट २ टक्क्यांहून कमी असल्याने यंत्राला ती जाणवतही नाही. मात्र त्याच जागी ९ × ९ × ०.५ = ४०.५ वॅट उष्णता निर्माण होते. एवढी उष्णता झाळकामाच्या लहान कावियाइतकी असते आणि ती सॉकेटच्या बंद पोकळीत साठत राहते. उष्णतेने पितळी पट्ट्यांचा ताण कमी होतो, पकड आणखी सैल होते व रोध वाढत जातो. संपर्क अधूनमधून पूर्ण तुटू लागला म्हणजे यंत्रावर पीएफ दिसू लागतो.

अशा स्थितीत संकेत येण्यापूर्वीच पुढील लक्षणे आढळू शकतात : प्लग हाताला गरम लागणे, सॉकेटचा रंग पिवळट किंवा तपकिरी होणे, जळकट अथवा माशासारखा वास येणे, चरचर असा आवाज येणे. यांपैकी काहीही आढळल्यास वितरण पेटीतून त्या परिपथाची वीज बंद करावी लागते. गरम झालेला प्लग चालू स्थितीत ओढू नये. काळवंडलेल्या सॉकेटबरोबर प्लगही बदलणे आवश्यक असते, कारण खराब झालेली पिन नव्या सॉकेटची पकडही बिघडवते.

न्यूट्रल तुटणे

त्रिफेज वितरणात सामाईक न्यूट्रल तुटल्यास काही घरांत दाब फार कमी होतो, तर काहींत तो २३० व्होल्टपेक्षा बराच वाढून टोकाच्या स्थितीत ४०० व्होल्टच्या जवळ जाऊ शकतो. काही दिवे अतितेजस्वी आणि काही मंद होणे हे त्याचे ठळक लक्षण आहे. अशा वेळी संकेत पुसून यंत्र पुन्हा सुरू करण्याऐवजी मुख्य स्विच बंद करून वीज कंपनीला कळवणे आवश्यक असते. भारतात वीजविषयक तक्रारींसाठी १९१२ हा क्रमांक वापरला जातो.

संकेत पुसणे आणि काम पुन्हा सुरू करणे

वीज स्थिर झाल्याची खात्री पटल्यावर बहुतेक उपकरणांत संकेत एका कळीने पुसता येतो. व्हर्लपूलच्या कपडे वाळवण्याच्या यंत्रांत प्रारंभाची कळ दाबून धरल्यास काम पुढे सुरू होते. अनेक ओव्हनमध्ये रद्द करण्याची कळ दाबून घड्याळ पुन्हा लावावे लागते. संकेत जात नसल्यास यंत्र काही मिनिटे वीजपुरवठ्यापासून वेगळे ठेवून पुन्हा जोडले जाते. त्यामुळे धारित्रातील उरलेली ऊर्जा संपते आणि सूक्ष्मनियंत्रक नव्याने सुरू होतो. यानंतरही संकेत राहिल्यास किंवा वीज न जाता तो वारंवार येत असल्यास सेवा केंद्राची मदत घेतली जाते.

उपकरणाच्या प्रकारानुसार पुढील बाबी लक्षात घेतल्या जातात.

कपडे धुण्याचे यंत्र : समोरून उघडणाऱ्या यंत्राचा दरवाजा वीज गेल्यावरही काही काळ बंदच राहतो. आत पाणी असताना तो जोराने उघडू नये. पाणी बाहेर काढण्यासाठी अनेक यंत्रांत तळाशी गाळणीजवळ सोय असते. मात्र पाणी गरम असल्यास ते निवेपर्यंत थांबावे लागते.

कपडे वाळवण्याचे यंत्र : या यंत्राच्या आवर्तनाचा शेवटचा भाग कपडे थंड करण्यासाठी असतो. मध्येच वीज गेल्यास तो टप्पा होत नाही आणि तापलेले कपडे ढिगाच्या स्वरूपात आत राहतात. तेलाचे डाग असलेले कपडे अशा स्थितीत आपोआप तापत जाऊन पेट घेऊ शकतात. म्हणून आवर्तन मध्येच थांबल्यास कपडे तातडीने बाहेर काढून पसरवण्याची सूचना माहितीपुस्तिकांत असते. वीज लवकर येणार नसेल, तर संकेताची वाट न पाहता ही कृती करणे हिताचे असते.

ओव्हन : सुरक्षेसाठी इलेक्ट्रॉनिक ओव्हन सहसा आपोआप पुन्हा तापू लागत नाहीत. अर्धवट शिजलेले अन्न किती काळ कोमट राहिले, याचा विचार करूनच ते पुन्हा शिजवावे लागते.

शीतकपाट आणि शीतपेटी : ही उपकरणे वीज येताच आपोआप सुरू होतात. शीतकपाट व वातानुकूलन यंत्रांतील अनेक संपीडक सुमारे तीन मिनिटांच्या विलंबाने सुरू केले जातात. या अवधीत नळ्यांतील दाब समान होतो. हा विलंब बिघाड नसतो. अमेरिकेच्या कृषी विभागाच्या मार्गदर्शनानुसार दरवाजा न उघडल्यास शीतकपाटातील अन्न सुमारे ४ तास सुरक्षित राहते. पूर्ण भरलेली शीतपेटी सुमारे ४८ तास, तर अर्धी भरलेली सुमारे २४ तास तापमान टिकवते. दूध, मांस, मासे, शिजवलेले अन्न असे नाशवंत पदार्थ ४ अंश सेल्सिअसपेक्षा अधिक तापमानात २ तासांहून अधिक काळ राहिल्यास टाकून द्यावेत, असेही हे मार्गदर्शन सांगते. त्यामुळे शीतपेटीवरील वीजखंडाचा संकेत वाचल्याविना पुसल्यास अन्नाच्या सुरक्षिततेविषयीची महत्त्वाची माहिती नाहीशी होते.

मिळतेजुळते संकेत

पीएफशी संबंधित, पण वेगळ्या अर्थाचे काही संकेत आहेत. सॅमसंगच्या अनेक धुलाई यंत्रांवरील 'यूसी' हा संकेत वीज पूर्ण गेल्याचे नव्हे, तर दाब प्रमाणाबाहेर कमी किंवा जास्त झाल्याचे दाखवतो.

व्हर्लपूलच्या अमेरिकेतील विद्युत वाळवण यंत्रांवर 'एल २' हा संकेत आढळतो. तेथील घरांना प्रत्येकी १२० व्होल्टच्या दोन वाहिन्या मिळतात आणि वाळवण यंत्राचा तापक त्या दोन्हींमधील २४० व्होल्टवर चालतो. एका वाहिनीचे संरक्षक साधन पडले, तर दुसरीवर चालणारे पटल व मोटर चालू राहतात, पण तापक तापत नाही. पूर्ण पुरवठा गेल्यास पीएफ आणि एकच वाहिनी गेल्यास 'एल २' असा हा भेद आहे.

महाराष्ट्रातील संदर्भ

महाराष्ट्राच्या मोठ्या भागात वीज वितरणाचे काम महाराष्ट्र राज्य वीज मंडळाच्या विभाजनानंतर २००५ साली स्थापन झालेली महावितरण कंपनी करते. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात राज्याच्या ग्रामीण व निमशहरी भागांनी दीर्घ भारनियमन अनुभवले. मुंबईत पुरवठा तुलनेने अखंड मानला जातो. तथापि १२ ऑक्टोबर २०२० रोजी महानगर प्रदेशाच्या मोठ्या भागाची वीज गेल्याने लोकल गाड्याही थांबल्या होत्या.

उघड्या तारांच्या वाहिन्या असलेल्या भागांत मॉन्सूनपूर्व वादळी वारे आणि पावसाच्या पहिल्या सरी यांच्या काळात क्षणिक खंड वाढतात. वाहिन्यांजवळच्या फांद्यांची छाटणी पावसाळ्यापूर्वी केली जाते, तिचे हेच कारण आहे. या काळात आलेला एखाददुसरा पीएफ संकेत स्वाभाविक असतो. निरभ्र हवेत, शेजारची वीज सुरळीत असताना वारंवार येणारा संकेत मात्र घरातील जोडण्यांकडे लक्ष वेधतो.

प्रतिबंध

यंत्रासाठी स्वतंत्र परिपथ, योग्य क्षमतेचे सॉकेट आणि कार्यक्षम अर्थिंग असल्यास घरातून उद्भवणारे खंड बरेच कमी होतात. प्लग व सॉकेट यांसाठी भारतात आयएस १२९३ हे मानक लागू आहे. वितरण पेटीतील जोडण्या ठरावीक काळाने तंत्रज्ञाकडून घट्ट करून घेतल्या जातात.

स्टॅबिलायझर दाबातील चढउतार सुधारतो, पण वीज नसताना ती पुरवू शकत नाही. त्यामुळे पूर्ण खंडामुळे येणारा पीएफ संकेत त्याने टळत नाही. सर्ज संरक्षक वीज परत येतानाच्या क्षणिक उच्च दाबापासून काही प्रमाणात संरक्षण देतो. खंडाविरुद्ध त्याचा उपयोग नसतो. तापक असलेली यंत्रे सामान्य घरगुती इन्व्हर्टरवर चालवणे त्याच्या क्षमतेबाहेरचे ठरू शकते.

वारंवार वीज जाणाऱ्या भागात दीर्घ आवर्तनाऐवजी लहान आवर्तन निवडणे, तसेच घरात कोणी असताना यंत्र चालवणे हे व्यवहार्य उपाय आहेत. संकेत आल्याची तारीख, वेळ व टप्पा यंत्राजवळच्या वहीत लिहून ठेवल्यास तंत्रज्ञाला किंवा वीज कंपनीला नेमकी माहिती देता येते.

हेसुद्धा पाहा

• भारनियमन

• रोहित्र

• धारित्र

• आरसीसीबी

• शक्तिगुणक